विचारावं, मोजावं की बघत बसावं?

भाचा बाणेरच्या एका ऑफिसात काम करतो. त्यांचं एक मोबाइल ॲप आहे, त्याच ॲपचं संकेतस्थळही आहे, आणि गेले दोन महिने तिथे एकच वाद चालू आहे. लोक ॲप उतरवून घेतात, नोंदणीच्या तिसऱ्या पडद्यापर्यंत येतात आणि निघून जातात. का जातात, हे शोधायचं कसं? एकजण म्हणतो, प्रत्येक टिचकीची नोंद ठेवा आणि कुठल्या पायरीवर किती गळाले ते मोजा. दुसऱ्याला हीटमॅप हवा आहे, म्हणजे पडद्यावर बोटं जास्त कुठे पडतात ते लाल-पिवळ्या डागांत दिसेल. तिसऱ्याला वापरणाऱ्याच्या पडद्याचं रेकॉर्डिंग पाहिजे. आणि एक मुलगी आहे, ती म्हणते, दहा जणांना फोन करून विचारा की! तिचं अर्थातच कुणी ऐकत नाही.

भाच्याला वाटतं हा त्याच्या पिढीचा वाद आहे. मला विचाराल तर पुण्यात हा वाद शंभर वर्षं चालू आहे. फक्त तेव्हा ॲपच्या जागी ज्वारी होती.

सुरुवात पिंपळे सौदागरपासून करू. हो, तेच, जिथे आज भाच्याचे निम्मे सहकारी राहतात आणि ज्याच्या नावाने लिफ्टवाल्या इमारतींच्या जाहिराती येतात. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी या गावाचा अभ्यास करून १९१७ मध्ये पुस्तक छापलं. त्यातले काही आकडे पुढे कितीतरी वर्षं अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत फिरत राहिले. गावात जमीनमालक १५६, आणि त्यांच्या जमिनीचे तुकडे ७२९. त्यांतले ४६३ एकराहून लहान. १७७१ मध्ये सरासरी धारणा ४० एकर होती, ती १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर आली होती.

यातली गंमत बघा. १७७१ चा आकडा मानसाहेबांना मिळाला, कारण सारा वसूल करणाऱ्यांनी तेव्हा नोंदी ठेवल्या होत्या. त्या नोंदी काही जमिनीच्या तुकडीकरणाचा अभ्यास व्हावा म्हणून ठेवलेल्या नव्हत्या, पैसे कुणाकडून घ्यायचे हे कळावं म्हणून होत्या. जमिनीचे तुकडे असे कागदावर मोजता येतात. पण घरावर कर्ज किती, ते कुणाचं आणि कशासाठी काढलं, हे कागदात पूर्ण उतरत नाही. त्यासाठी ओसरीवर बसून विचारावं लागतं, आणि समोरच्याला तुम्ही सरकारी माणूस वाटलात की उत्तर बदलतं.

महाजालाचीही सुरुवात अशाच एका वहीपासून झाली. सर्व्हरची लॉग फाइल म्हणजे कुणी किती वाजता कुठली फाइल मागितली आणि ती मिळाली की नाही, याची एकेक ओळ. ती ठेवायची ती सर्व्हर कुठे अडला हे कळावं म्हणून. १९९५ मध्ये केंब्रिजच्या स्टीफन टर्नरने ॲनालॉग नावाचा प्रोग्रॅम लिहिला, तो अशा वह्या वाचून तक्ते करून द्यायचा. मग सगळीकडे 'हिट्स'ची भाषा सुरू झाली. एका पानावर दहा चित्रं असली तर ते पान एकदा उघडलं की अकरा हिट्स! त्या काळात कितीतरी साइटवाले लाखाच्या गप्पा मारत, त्यांचे खरे वाचक एका मंगल कार्यालयात मावले असते. असो.

मान यांच्यानंतरचं मोठं नाव धनंजयराव गाडगीळांचं. १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, रावबहादुर काळ्यांच्या देणगीतून, आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक. त्यांनी काय काय मोजलं ते पाहिलं तर आज थक्क व्हायला होतं. १९३३ मध्ये पुण्याच्या फळबाजाराची पाहणी, १९३५ मध्ये सहा जिल्ह्यांतल्या मोटार-बस वाहतुकीची, १९४० मध्ये वाई तालुक्यातल्या शेतीधंद्याची. आणि १९३६-३७ मध्ये खुद्द पुणे शहराची. तिचा पहिला भाग १९४५ मध्ये निघाला, दुसरा १९५२ मध्ये. दर सोमवारी सकाळी डॅशबोर्ड लागतो अशा लोकांनी हे वेळापत्रक जरा डोळ्यांपुढे आणावं. पुढे १९५४ मध्ये सोवनी, आपटे आणि पेंडसे यांनी पुण्याची फेरपाहणी केली. पुणेकरांची कामं आणि कमाई कशी बदलली हे पहिल्या पाहणीशिवाय कळलं नसतं. कुठलीही मोजणी एकदाच केली की तिचं छायाचित्र होतं, आणि भाच्याच्या ऑफिसात तर दर सहा महिन्यांनी साधनच बदलतात, म्हणजे मागच्या आकड्याशी तुलनाच बंद.

आता ज्वारीकडे येतो, कारण माझ्या मते या सगळ्या वादाचं मूळ तिथे आहे.

पीक किती आलं हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आणेवारीने ठरायचं. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक, आणि त्या मानाने यंदा किती, हे गावकामगाराने शेताकडे बघून सांगायचं. पुढे आण्यांचे पैसे झाले आणि पैसेवारी हा शब्द आला. पैसेवारी पन्नासच्या आत की बाहेर, यावर गावाची सवलत अडलेली असायची. शेतकऱ्याला आकडा कमी हवा, वसूल करणाऱ्याला जास्त, आणि मध्ये बांधावर उभं राहून अंदाज सांगणारा एक माणूस. ऑफिसातल्या 'मला वाटतं युजरला हे आवडेल' या वाक्याची जातकुळी हीच.

नजरेवर विसंबू नये, शेताचा एक तुकडा चिठ्ठी टाकल्यासारखा निवडावा, तेवढाच कापावा, मळावा आणि वजन करावं, ही कल्पना १९२० च्या दशकात बिहार-ओरिसात हबॅक यांनी वापरली. मग बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ती फार मोठ्या प्रमाणावर राबवली. त्यांचे कापणीचे तुकडे लहान असत, काही फूट त्रिज्येचं वर्तुळ वगैरे. लहान तुकडा म्हणजे काम स्वस्त, म्हणून नमुने जास्त. तर्क बिनतोड वाटतो.

त्याला हरकत घेणारा माणूस आपल्या सातारा जिल्ह्यातला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव बुध. फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनहून डॉक्टरेट घेऊन आले आणि १९४० पासून दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत. १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांची एक छोटी टिपण आली. तिचा मुद्दा असा, की तुकडा फार लहान घेतला की उत्पन्न फुगून दिसतं. कारण साधं आहे. वर्तुळाच्या कडेवर जी ताटं येतात ती आत धरायची की बाहेर? कापणाऱ्याचा हात नकळत 'आत' म्हणतो. आता त्रिज्या निम्मी केली की क्षेत्रफळ चौथाई होतं, पण परीघ मात्र निम्माच होतो. म्हणजे तुकडा जितका लहान, तितका कडेवरच्या ताटांचा वाटा मोठा. आणि ही चूक सगळीकडे एकाच दिशेने होते, त्यामुळे नमुने दहापट घेतले तरी ती जात नाही. उलट आकडा अधिक ठाम दिसू लागतो.

मला ही टिपण ॲपवाल्यांनी भिंतीवर लावावी अशी वाटते. त्यांच्याकडेही ताटं कडेवर येतात. गूगल ॲनालिटिक्समध्ये, काही बदललं नाही तर, वापरणारा तीस मिनिटं गप्प राहिला की त्याची फेरी संपली असं धरलं जातं. समजा आमच्या काकू गावाला जायची बस आरक्षित करताहेत. तारीख निवडली, आसन निवडलं, आणि कार्ड आतल्या कपाटात. तेवढ्यात दारात शेजारीण. चाळीस मिनिटांनी परत येऊन काकूंनी पैसे भरले. तक्त्यात काय दिसणार? एक फेरी आसन निवडून 'गळालेली', आणि दुसरी कुठूनशी उगवून थेट पैसे भरणारी. काकू गळाल्याही नाहीत आणि उगवल्याही नाहीत. अशा काकू लाखभर असतील तर आकडा लाखभर काकूंइतका ठाम आणि तितकाच चुकीचा.

व्याख्या बदलली की इतिहासही बदलतो, हेही लक्षात ठेवायला हवं. गूगलने अर्चिन ही कंपनी २००५ मध्ये विकत घेतली, त्याच वर्षी नोव्हेंबरात गूगल ॲनालिटिक्स फुकट दिलं आणि घरोघरी मोजणी सुरू झाली. तेव्हाची सगळी मांडणी 'पाना'भोवती होती. ॲपमध्ये पान कुठलं? म्हणून नव्या आवृत्तीत सगळं 'घटना' झालं, आणि जुनी मोजणी १ जुलै २०२३ ला बंद झाली. जुन्यात एकच पान पाहून गेलेला माणूस परतलेला धरला जायचा, मग त्याने ते पान वीस मिनिटं वाचलं असलं तरी. नव्यात दहा सेकंदांहून जास्त थांबला की तो रमला! दोन्हींच्या आकड्यांची एकच रेघ काढणारे लोक मी पाहिलेत.

आता त्या फोन करा म्हणणाऱ्या मुलीकडे. विचारण्यालाही खोट आहे, ती आठवणीची. १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत महालनोबिस अध्यक्ष होते, आणि व्ही. के. आर. व्ही. राव आणि आपले गाडगीळ सदस्य. त्यातूनच राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० मध्ये सुरू झाली. पहिल्याच फेरीत गोखले संस्थेची स्वतःची प्रश्नावली होती, तिचा अहवाल वि. म. दांडेकरांनी १९५३ मध्ये 'पूना शेड्यूल्स' म्हणून काढला. प्रश्न होता, घरात काय खाल्लं हे विचारताना मागच्या आठवड्याचं विचारायचं की मागच्या महिन्याचं? आठवडा जवळचा, तो नीट आठवेल असं वाटतं. पण महालनोबिस आणि सेन यांनी पश्चिम बंगालच्या खेड्यांत प्रत्यक्ष धान्य मोजून ताडून पाहिलं तर आठवड्याचं उत्तर फुगलेलं निघालं. आठ-दहा दिवसांपूर्वीची खरेदीही माणूस 'याच आठवड्यात' म्हणून आत ओढतो. पुन्हा तीच कडेवरची ताटं! म्हणून महिना ठरला. पुढे १९९९-२००० च्या फेरीत अन्नासाठी आठवडा आणि महिना दोन्ही शेजारशेजारच्या रकान्यांत विचारले, दोन्ही उत्तरं एकमेकांना बघून वागू लागली, आणि देशातलं दारिद्र्य ३६ टक्क्यांवरून २६ वर आलं ते खरंच की रकान्यांमुळे, यावर अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडत राहिले.

शेवटी वाट निघाली ती मला फार आवडते. २००९-१० पासून जिन्नसागणिक काळ वेगळा ठेवणारी पद्धत आली. भाजी, फळं, अंडी-मासे, तेल, मसाले यांचं मागच्या आठवड्याचं विचारायचं, धान्याचं महिन्याचं, कपडे-चपलांचं वर्षाचं. कुठल्याही गृहिणीने हे दोन मिनिटांत सांगितलं असतं, असो. पण ॲपच्या दुनियेत अजून हे पोचलेलं दिसत नाही. वीजबिल भरायचं ॲप असो की गाण्यांचं, 'आठवड्याला किती जण आले' हाच आकडा. वीजबिल महिन्याला एकदा येतं हो!

यापुढची गोष्ट मात्र नुसती पद्धतीची नाही. १९७१ मध्ये दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास छापला. माणशी रोज २२५० कॅलरी ही रेघ धरून, १९६०-६१ च्या पाहणीच्या आकड्यांवरून, खेड्यांतले ४० टक्के आणि शहरांतले ५० टक्के लोक तिच्या खाली आहेत असं त्यांनी मांडलं. साऱ्या देशात खळबळ झाली. त्याच सुमाराला सुखात्मे रोमहून, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेतून निवृत्त होऊन पुण्यात आले. आणि या सांख्यिकाला ती रेघ पटेना.

त्यांचं म्हणणं असं की, एकाच निरोगी माणसाचं खाणं रोज सारखं नसतं. आज कमी, उद्या जास्त, आणि आठवड्यामागून आठवडा सरासरीभोवती हलत राहतं. मग थोड्या दिवसांच्या पाहणीत एखादा सरासरी गरजेच्या खाली दिसला म्हणून तो उपाशी कसा? रेघ सरासरीवर नको, तिच्याहून दोन प्रमाण विचलनं खाली हवी. तसं केलं की उपाशी लोकांची संख्या खूपच खाली येते. दांडेकरांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तून त्याला उत्तर दिलं. वाद शहरभर, देशभर गाजला. दोघेही सातारा जिल्ह्यातले, दोघेही संख्याशास्त्रात मुरलेले, दोघेही पुण्यात मुक्कामाला. एकाच पाहणीच्या आकड्यांतून एकाला अर्धं शहर उपाशी दिसत होतं आणि दुसऱ्याला त्याहून बरेच थोडे.

मी यात कुणाच्या बाजूचा? सुखात्म्यांचा पहिला मुद्दा मला पूर्ण पटतो. माणसामाणसांतला फरक वेगळा आणि एकाच माणसातला दिवसादिवसाचा फरक वेगळा, आणि थोड्या दिवसांच्या नोंदीत हे दोन्ही कालवलेले असतात. सात दिवस ॲप उघडलं नाही म्हणून 'गेला' असा शिक्का मारणाऱ्यांनी हे वाचायलाच हवं, तो माणूस गावाला गेला असेल. पण विरोधकांचा प्रश्नही तिथेच उभा राहतो. वर्षानुवर्षं कमी खाऊन ज्याने शरीर लहान ठेवलं, काम कमी केलं, तो आकड्यांत 'जुळवून घेतलेला' दिसतो. त्याला धडधाकट म्हणायचं? भुकेची व्याख्या कुठे ठेवायची हा निर्णय पाहणीतून निघत नाही, तो आधी घ्यावा लागतो. ॲपच्या बाबतीतही वाईट, अडखळत्या पडद्याला सरावलेला म्हातारा नोंदीत अगदी समाधानी दिसतो. तो रोज येतो, सगळी बटनं दाबतो. त्याला दुसरा पर्याय नसतो एवढंच.

मग भाच्याने काय करावं? आधी हे लिहून काढावं की आकडा हातात आल्यावर काय बदलणार आहोत. काहीच बदलणार नसू तर मोजू नये. लोक कुठे थांबतात हे कळायला नोंदी पुरतात, तिथे हीटमॅपची चैन नको. तिसऱ्या पडद्यावर थांबून करतात काय, हे बघायला थोडी रेकॉर्डिंगं, पण परवानगीने आणि खाजगी मजकूर झाकून. २०१९ मध्ये एअर कॅनडाच्या ॲपमध्ये अशाच रेकॉर्डिंगात कार्डांचे तपशील नीट झाकले जात नव्हते हे उघड झालं आणि ॲपलने सगळ्यांनाच तंबी दिली. आपल्याकडेही २०२३ पासून व्यक्तिगत विदेच्या संरक्षणाचा कायदा आहे. शिवाय ज्वारीला बघितल्याने फरक पडत नाही, माणसाला पडतो. आणि का, हे मात्र फोन केल्याशिवाय कळणार नाही. मागच्या महिन्यात किती वेळा वापरलंत असं नाही विचारायचं, परवा तिसऱ्या पडद्यावर काय झालं तेवढंच. दोन पडद्यांतला कुठला चांगला यावर भांडायचं असेल तर चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना हा, निम्म्यांना तो. इंग्रजीत त्याला ए-बी टेस्ट म्हणतात, पण ही रोनाल्ड फिशरची रोथॅमस्टेडच्या शेतातली पद्धत, आणि पानसे-सुखात्म्यांच्या १९५४ च्या पुस्तकातून आपल्याकडची शेतकी कॉलेजातली मुलं ती पिढ्यानपिढ्या शिकली. पीक अर्धवट असताना रोज जाऊन 'कुठलं वाण जिंकलं' म्हणायचं नाही, एवढं त्या मुलांना ठाऊक होतं.

आणि गंमत म्हणजे ज्वारी आता ॲपमध्येच आली आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी पिकाची नोंद तलाठी गाव नमुना १२ मध्ये करायचा, आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून मोबाइलवर फोटोसकट करायची. तलाठ्याकडे दहा टक्के नोंदींची तपासणी. पीकविमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी, सगळं त्या नोंदीशी जोडलेलं. आणेवारीच्या मानाने केवढी मजल! पण नोंदीचा जुना दोष तसाच राहिला. ज्या गटाची नोंद आली नाही तिथे पीकच नाही, की शेतकऱ्याकडे तसला फोन नाही, की बांधावर रेंज नाही, की नुसताच कंटाळा? सर्व्हरवर चारही एकसारखेच दिसतात. दहा टक्के तपासणीही आलेल्या नोंदींचीच होणार. म्हणून मग ठरावीक मुदतीनंतर उरलेले गट नोंदवायला गावोगाव सहाय्यक नेमावे लागले. ते मोबाइल घेऊन त्या त्या शेतापर्यंत चालत जातात.